दप्तरातली चिठ्ठी आणि काठीची सावली

“शाळामा काय करं रे आज?”

“काही नही.”

आमच्या गावातल्या अहिराणी घरांत रोज संध्याकाळी हे बोलणं होतं. पोरगं खोटं बोलत नसतं. दिवसभरात त्यानं हातच्याची वजाबाकी केलेली असते, खिचडी खाल्लेली असते, मैदानात काठी रोवून सावली मोजलेली असते. तरीही विचारलं की त्याला काहीच आठवत नाही. असं का होतं ते समजलं, तेव्हापासून तिसरीच्या पालकांना निरोप पाठवायची माझी रीत बदलली.

आधी मी ग्रुपवर चार फोटो टाकायचे आणि खाली लिहायचे, “आज सूर्य आणि सावली हा उपक्रम घेतला.” पालक खाली अंगठ्याची खूण टाकायचे. फोन बहुतेक घरांत एकच, तोही वडिलांबरोबर शेतात किंवा कामावर. आईला, आजीला फोटो दिसायचाच नाही. आणि ज्यांना दिसायचा त्यांना सगळं आधीच कळलेलं असल्यामुळे मुलाला विचारायचं काही उरायचं नाही.

विसरण्याचं पहिलं नीट मोजमाप हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं केलं, तेही स्वतःवर. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या, काही काळ जाऊ द्यायचा, मग तीच यादी पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचतो ते बघायचं. १८८५ साली त्यानं हे प्रसिद्ध केलं. तासाभरात ही बचत निम्म्याखाली आली होती, एका दिवसानं जेमतेम एक तृतीयांश उरली होती. अर्थ असलेल्या गोष्टी इतक्या झपाट्यानं जात नाहीत, पण घसरण सुरुवातीलाच सगळ्यात जोराची असते हे त्यांनाही लागू आहे.

ही घसरण थोपवायला पुन्हा पुन्हा वाचावं, असं आपण धरून चालतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांवर हेच तपासलं. काहींनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदाच वाचला आणि मग तो मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं मात्र पारडं फिरलं. दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. आठवण बाहेर काढताना ती नुसती तपासली जात नाही, त्या ओढाताणीत ती पक्कीही होते.

लहान मुलांचं मात्र जरा वेगळं आहे, आणि माझ्या कामाची गोष्ट तीच होती. कार्पिकी आणि सहकाऱ्यांनी चौथीच्या मुलांबरोबर काम केलं, ते २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. “आठवेल ते लिहा” एवढंच सांगितलं तर मुलांच्या हाती फार थोडं लागलं. धागा हातात देऊन विचारलं तेव्हा आठवण्याचा फायदा दिसला. “आज काय केलं?” या प्रश्नाला धागाच नसतो. तेव्हा “काही नही” हे त्या वयाचं प्रामाणिक उत्तर आहे.

आता मी दप्तरात एक चिठ्ठी घालते. तिच्यात बातमी अर्धीच असते.

डिसेंबरच्या २२ तारखेच्या आसपास आम्ही मैदानात एक मीटरची काठी ओळंब्यानं सरळ उभी केली. बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला मुलं खडा ठेवत होती. बाराला सावली सगळ्यात आखूड असणार याची सगळ्यांना खात्री होती, पण खडे काठीकडे सरकतच राहिले. थांबले ते साडेबाराच्या जरा आधी. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाची वेळ दाखवतं आणि जळगाव साधारण ७५.५ अंशांवर आहे. एक अंश ओलांडायला सूर्याला चार मिनिटं लागतात, म्हणून आपल्याकडे माध्यान्ह सुमारे २८ मिनिटं उशिरा होते. वर्षभरात ही वेळ थोडी मागेपुढे सरकते. मग पट्टी लावली तर सावली ९८ सेंटिमीटर, जवळजवळ काठीएवढीच! त्या दिवसांत सूर्य मकरवृत्तावर, विषुववृत्ताच्या साडेतेवीस अंश दक्षिणेला असतो. आपण २१ अंश उत्तरेला. बेरीज साडेचव्वेचाळीस, म्हणजे सूर्य डोक्यावरून तितका कललेला, आणि ४५ अंशांना सावली उंचीइतकी होते. तिसरीच्या मुलांना मी अंश सांगितले नाहीत, काठी आडवी करून सावलीवर ठेवली. दोन बोटांपेक्षाही कमी फरक होता.

त्या दिवशीची चिठ्ठी अशी होती: “सावली सगळ्यात आखूड झाली तेव्हा घड्याळात बारा वाजले होते की पुढे गेले होते? तिचं टोक फाटकाकडे होतं की पाण्याच्या टाकीकडे? अहिराणीत सांगितलं तरी चालेल.” शेवटचं वाक्य मी मुद्दाम घालते. घरी ज्या भाषेत विचार चालतो त्या भाषेत सांगायला मिळालं की मूल अडखळत नाही, आणि ऐकणाऱ्या आजीलाही आपण परके आहोत असं वाटत नाही. चिठ्ठी वाचून दाखवायचं कामही मुलाचंच. विचारणाऱ्याला उत्तर माहीत असायची गरज नसते. खरं तर माहीत नसलं तर जास्त बरं, कारण मग मुलाला सगळं उलगडून सांगावं लागतं.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी येऊन म्हणाली, “मॅडम, आजी म्हणते भर दुपारी काठीएवढी सावली हे खोटं आहे. मे महिन्यात बागायती कपाशी लावताना सावली पायाखाली येते.” सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला. मे महिन्याबाबत आजीचं बरोबर होतं. जळगावच्या अक्षांशावर २५ मेच्या सुमारास सूर्य भर माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तसंच होतं, पण तेव्हा बहुतेकदा आभाळ भरलेलं असतं. मेमध्ये ऊन रणरणतं असतं, पण शाळेला सुटी. तो दिवस वर्गात कधी दाखवता येत नाही. तो घरीच बघायचा असतो.

म्हणून वर्षातली शेवटची चिठ्ठी उन्हाळी सुटीसाठी होती: “२५ मेच्या आसपास चार-पाच दिवस, दुपारी बारा वीस ते साडेबारा, अंगणात काठी उभी करा. डोक्याला रुमाल बांधा, सूर्याकडे बघू नका. आजीला बोलवा.”

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच कोरड्या दुपारी मी काठी रोवणार आहे. सावली असेल जेमतेम चार सेंटिमीटर, आणि पडेल दक्षिणेला, टाकीच्या उलट बाजूला, फाटकाकडे. डिसेंबरचे खडे कुठे ठेवले होते, ते मी आधी मुलांना विचारीन.