नक्षीदार सिमेंट लादी

नक्षीदार सिमेंट लादी म्हणजे भट्टीत न भाजता दाबयंत्राखाली घडवलेली रंगीत फरशी. मुंबईच्या जुन्या इमारतींत आणि गोव्याच्या घरांत ती आजही पायाखाली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दक्षिण फ्रान्समध्ये सिमेंट उद्योगाबरोबर ती पुढे आली. मुंबईत फिरोजशा सिधवा आणि त्यांचे पुतणे रुस्तम यांनी 1922 मध्ये भारत टाइल्सची स्थापना केली, ती स्वदेशीच्या प्रेरणेने. दिसायला जवळच्या दोन वस्तूंशी तिची गल्लत होते. ब्रिटनहून पूर्वी येणारी मिंटन फरशी भाजलेल्या मातीची असते. गोव्यातील आझुलेज ही चकचकीत लेपाची, हाताने रंगवलेली लादी भिंतीसाठी असते, चालण्यासाठी नव्हे.

लोखंडी चौकटीत पितळी पट्ट्यांचा साचा ठेवतात. प्रत्येक कप्प्यात पांढरे सिमेंट, संगमरवराची पूड आणि खनिज रंग यांचे दाट पाणी हाताने ओततात. साचा अलगद उचलला की रंग एकमेकांना भिडतात. म्हणून नक्षीची कड किंचित थरथरलेली दिसते आणि तेच तिचे सौंदर्य. मागे सिमेंट-वाळूचे कोरडे मिश्रण भरून दाब देतात. ते वरच्या थरातले पाणी शोषून घेते. मग लादी पाण्यात भिजवून मुरवतात. रंगाचा थर 3 ते 4 मिलिमीटर असल्याने नक्षी पिढ्यान्‌पिढ्या झिजत नाही.

निवड करताना लोक आधी नक्षीच्या प्रेमात पडतात आणि खोली नंतर मोजतात. क्रम उलटा हवा. बहुतेक फुले चार लाद्या मिळून पूर्ण होतात, त्यामुळे नक्षीच्या भागात दोन्ही दिशांना लाद्यांची संख्या सम असावी लागते. 12 फूट × 10 फूट खोली घ्या. 20 सेंटिमीटरची लादी आणि 2 मिलिमीटरचा सांधा धरला, तर लांबीत 18 आणि रुंदीत 15 लाद्या बसतात. दोन सेंटिमीटरच्या आसपास उरते, ते दोन्ही बाजूंना स्कर्टिंगखाली जाते. भिंतीलगत साध्या लादीची एक रांग आणि आत किनारीची एक रांग सोडली, की मध्ये 14 × 11 उरतात. 11 विषम, म्हणजे एका बाजूला अर्धी फुले. उपाय असा: नक्षी 14 × 10 ठेवावी आणि लांब भिंतींलगत साधी लादी दीड-दीड रांग लावावी. मग 35 पूर्ण फुले बसतात. त्यासाठी नक्षीच्या 140, सरळ किनारीच्या 48, कोपऱ्याच्या 4 आणि साध्या 78 लाद्या लागतात. मोडतोडीसाठी पाच ते दहा टक्के जास्त घ्याव्यात. कोपऱ्याच्या दोन जादा हव्यातच, कारण नंतर त्याच छटेचा कोपरा मिळणे कठीण. साध्या रांगेचे खरे काम हेच आहे. भिंत तिरकी असली तरी काप तिथे पडतो आणि किनार सरळ राहते.

मांडणी भिंतीपासून सुरू करू नये. दोन दोऱ्यांनी खोलीचा मध्य काढून 3-4-5 च्या मापाने (एका दोरीवर 3, दुसरीवर 4 फूट मोजले की टोकांमधले तिरके अंतर 5 फूट) काटकोन तपासावा आणि सगळ्या लाद्या माल न लावता, कोरड्या मांडून दारातून पाहावी. निरनिराळ्या खोक्यांतल्या लाद्या मिसळून घ्याव्यात, नाहीतर छटेचा पट्टा उठून दिसतो.

लाद्या पाण्यात भिजवून, पाणी निथळल्यावर लावाव्यात. कोरडी लादी मालातले पाणी ओढून घेते, पकड सुटते आणि मग ती बदबद वाजते. पाठीला सिमेंटची रबडी सर्वत्र लागली पाहिजे. चार कोपऱ्यांना गोळे ठेवून मध्य पोकळ सोडणारा गवंडी काम लवकर उरकतो, पण कपाटाच्या पायाखाली नेमकी तीच लादी तडकते. लादी रबरी हातोडीनेच ठोकावी. दरजा, म्हणजे सांधे, भरण्याआधी पृष्ठभागावर सीलर, म्हणजे छिद्रे बंद करणारा लेप, लावावा. ग्राउट, म्हणजे दरजांत भरायचा माल, गडद असेल आणि सच्छिद्र लादीत उतरले, तर डाग निघत नाही. सांडलेला माल ओला असतानाच पुसावा.

नव्या फरशीवर पांढरा लोणा दिसतो, तो सिमेंटमधल्या चुन्याचा. कोरडा ब्रश आणि साधे पाणी यांनी पुसत राहिले, की हळूहळू कमी होतो. वर्षांनंतरही तो येत राहिला, तर ओल जमिनीतून चढते आहे असे समजावे आणि आधी ती थांबवावी. लोणा किंवा सिमेंटचे डाग काढायला अ‍ॅसिड वापरणे ही सर्वांत महागडी चूक. अ‍ॅसिड सिमेंटच खाते, रंग फिका पडतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. लिंबू, चिंच, आमसुलाचे पाणीही तेच करते, जरा सावकाश. हळद तर मुरतेच. म्हणून स्वयंपाकघरात ओट्यापुढची पट्टी साध्या गडद लादीची ठेवणे शहाणपणाचे. रोजच्या पुसण्याला पाणी आणि सौम्य साबण पुरे.

जुन्या इमारतींतून काढलेल्या लाद्या पुन्हा वापरता येतात. मात्र त्यांची जाडी एकसारखी नसते. पाठीला चिकटलेला जुना माल खरवडून जाडीनुसार वेगळ्या राशी कराव्यात आणि जाड लाद्या आधी लावाव्यात, म्हणजे पातळ लाद्यांखाली माल वाढवून पातळी साधता येते.