डीएफटी की एमडी? को-क्रिस्टल स्फोटकांच्या सिम्युलेशनमधला नेहमीचा गोंधळ

को-क्रिस्टल स्फोटकांवरचे (म्हणजे दोन वेगळे रेणू एकाच क्रिस्टलमध्ये बसवलेल्या स्फोटकांवरचे) पेपर चाळले की एकाच टेबलमध्ये डेन्सिटी, बाइंडिंग एनर्जी (रेणू एकमेकांना किती घट्ट धरतात ती), बाँडची लांबी, कडकपणा असं सगळं दिसतं आणि वाटतं की एकच सॉफ्टवेअर चालवलं नि सगळं बाहेर पडलं. तसं नसतं. त्यातले काही आकडे डीएफटीचे म्हणजे डेन्सिटी फंक्शनल थिअरीचे असतात, काही मॉलिक्युलर डायनॅमिक्सचे म्हणजे एमडीचे, आणि हे दोघं वेगळ्याच प्रश्नांची उत्तरं देतात.

डीएफटी इलेक्ट्रॉनची घनता काढतं, तिच्यावरून एनर्जी. पाया 1964-65 चा, वॉल्टर कोनना 1998 चं केमिस्ट्रीचं नोबेल त्याच कामासाठी. साधा हिशोब शून्य केल्विनचा असतो, म्हणजे अणूंची उष्णतेची थरथर त्यात नाहीच. शिवाय को-क्रिस्टलमध्ये दोन वेगळे रेणू बऱ्याच अंशी कमजोर आकर्षणावर एकत्र बसलेले असतात, आणि साधं पीबीई फंक्शनल (डीएफटीतलं नेहमीचं अंदाजी सूत्र) हे आकर्षण नीट पकडत नाही, त्यामुळे क्रिस्टल कागदावर फुगतो आणि डेन्सिटी कमी येते. म्हणून ग्रिमचं डी3 करेक्शन, म्हणजे या कमजोर आकर्षणाची वरून घातलेली भर, लावतात. हे किरकोळ वाटेल, पण कॅमलेट-जेकब्सच्या सूत्रात स्फोटाचा दाब डेन्सिटीच्या वर्गावर जातो, म्हणजे डेन्सिटीत 3 टक्के चूक झाली की दाबात साधारण 6 टक्के. (तो दाब आणि वेग डीएफटी थेट देत नाही बरं का, डेन्सिटी आणि फॉर्मेशन हीट अशा सूत्रात घालून काढतात.)

साध्या एमडीत इलेक्ट्रॉन नसतातच. फोर्स फील्ड नावाचा तयार फॉर्म्युला अणूंवरचं बल सांगतो आणि साधारण एकेक फेम्टोसेकंदाने अणू पुढे सरकतात, एक नॅनोसेकंद म्हणजे 10 लाख पावलं. तापमान, दाब, हजारो अणू, तापवल्यावर होणारं प्रसरण, हे सगळं इथे जमतं.

खरी गंमत सेन्सिटिव्हिटीत, म्हणजे स्फोटक किती सहज उडतं यात आहे. बऱ्याच पेपरात साध्या एमडीतून नायट्रो गटाच्या 'ट्रिगर बाँड'ची (जो आधी तुटेल असं मानतात त्या बाँडची) जास्तीत जास्त लांबी काढतात आणि को-क्रिस्टलमध्ये ती कमी आली की 'पदार्थ सुरक्षित झाला' म्हणतात. पण साध्या फोर्स फील्डमध्ये बाँड ही स्प्रिंग असते, ती ताणली जाते, तुटत नाही! त्यामुळे माझ्या मते तो आकडा फार तर इशारा, पुरावा नाही. बाँड तुटताना बघायचा तर रिॲक्सएफएफसारखं रिॲक्टिव्ह फोर्स फील्ड लागतं किंवा डीएफटीवरच चालणारं एमडी, जे इतकं जड असतं की काही शे अणू आणि काही पिकोसेकंदांतच दम लागतो.

आणखी एक, मॉडेल कुठून आलं ते बघा. मिशिगन विद्यापीठातल्या मॅट्झगर यांच्या गटाने 2011 मध्ये सीएल-20 आणि टीएनटीचा 1:1, तर 2012 मध्ये सीएल-20 आणि एचएमएक्सचा 2:1 को-क्रिस्टल दिला (ही तिन्ही स्फोटकंच), दोन्हींची रचना एक्स-रेने काढलेली आहे त्यामुळे फोर्स फील्ड तपासायला हक्काचा आधार मिळतो. पण काही जण एका घटकाचा सुपरसेल (क्रिस्टलचा अनेक सेल जोडून केलेला मोठा तुकडा) घेऊन त्यातले थोडे रेणू दुसऱ्याने बदलतात आणि त्याला को-क्रिस्टल म्हणतात. तसा क्रिस्टल प्रत्यक्षात बनेल की नाही हे त्यातून कळत नाही, आणि एमडी गप्प चालतं, एरर येत नाही.

आणि दोन पेपरांची बाइंडिंग एनर्जी शेजारी ठेवायची असेल तर ती प्रति रेणू आहे की प्रति सेल आणि कुठल्या तापमानाची आहे हे आधी शोधा, नाहीतर तुलना फुकट.