पाऊस लागला की आरसीसीबी का पडते?

दर जूनमध्ये आमच्या दुकानात एक फोन ठरलेला: "अहो, ती ईएलसीबी काढून टाका, पाऊस लागला की सारखी पडते." ईएलसीबी म्हणजे आरसीसीबीच: करंट जमिनीत गळू लागला की आपोआप बंद होणारा, म्हणजेच 'पडणारा', बोर्डावरचा स्विच. आम्ही ती काढून देत नाही. का, ते सांगण्यासाठी हे पत्रक.

एमसीबी (बोर्डावरचा आपोआप बंद होणारा दुसरा स्विच) वायर सांभाळते. वायरला झेपेल त्याहून जास्त करंट गेला किंवा शॉर्ट झाला की ती पडते. पण ओल्या पायांनी पंपाला हात लागला, तर अंगातून जमिनीत जाणारा करंट तिला कळतही नाही. माणूस दगावायला मात्र तेवढा पुरतो. आरसीसीबी (ईएलसीबी म्हणतो ते जुन्या सवयीने) फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट सतत ताडून पाहते. 30 मिलिअँपिअरची गळती झाली की क्षणात लाइन तोडते. म्हणजे पावसात ती पडते तेव्हा ओल कुठेतरी वायरपर्यंत पोचलेली असते. पडवीतला दिवा, विहिरीवरच्या पंपाची जोड, गच्चीवरचा सॉकेट. एकेक सर्किट बंद करून ती जागा आम्ही शोधून देतो. मात्र एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला, तर आरसीसीबीही वाचवू शकत नाही, हे लक्षात असू द्या.

सॉकेट बदलताना

गुहागरकडच्या एका घरी वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या यायच्या. सॉकेट बाहेरून पांढराशुभ्र. उघडला तर खाऱ्या हवेने पितळेवर हिरवा थर चढलेला, आणि अर्थची (गळलेला करंट जमिनीत नेणारी) हिरवी वायर मागे टेपने गुंडाळून ठेवलेली. जोडलेलीच नव्हती! प्लगची वरची पिन लांब असते ती अर्थ सर्वांत आधी लागावा म्हणून. इथे ती पिन नुसतीच भोकात जात होती. काही घरांत ती न्यूट्रललाच जोडलेली सापडते. न्यूट्रल तुटली तर अख्ख्या मशीनच्या अंगावर करंट येतो. म्हणून नुसती वरची प्लेट बदलून घेऊ नका, मागची जोडणी आमच्यासोबत उभे राहून बघा.

2 किलोवॅटचा गिझर जवळजवळ 9 अँपिअर घेतो. त्याला 16 अँपिअरचा सॉकेट, किमान 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी हवी. एमसीबी पडते म्हणून मोठी बसवायची, हे जुन्या चिनीमातीच्या फ्यूजमध्ये जाड तार घालण्यासारखेच. वायर भिंतीत तापत राहते. घरात लहान मूल असेल तर शटरवालाच (भोके आतून झाकलेला) सॉकेट घ्या.

अर्थिंग

आपला जांभा पावसात ओला असतो, तेव्हा अर्थिंग चांगले दाखवते. एप्रिल-मेमध्ये तोच कोरडा ठणठणीत होतो. म्हणून अर्थिंग आम्ही मे महिन्यात मोजतो. नवा खड्डा शक्यतो आगरात, माडांना शिंपण जाते तिथे घेतो, म्हणजे ओल टिकते. अर्थिंगच्या पाइपवरचा क्लॅम्प खाऱ्या हवेने गंजतो. तो दरवर्षी उघडून बघायला हवा.

मुंबईकर मंडळींसाठी

घर बंद करून जाताना मेन स्विच बंद करा. गणपतीत आल्यावर मेन चालू करून पंपाआधी आरसीसीबीचे 'टेस्ट' बटण दाबा. ती खटकन पडायला हवी. अंगणातली दिव्यांची तोरणेही तिच्याच लाइनवर लावा. बटण दाबूनही पडली नाही, तर मेन बंद करा, पंपाला हात लावू नका आणि आम्हाला फोन करा. सणाच्या दिवशीही येतो.