पक्षिपालक फुप्फुसविकार : निदानाची नोंद व संकेतांकन

पक्ष्यांची पिसे, पिसांवरची बारीक भुकटी आणि विष्ठा यांतील प्रथिने श्वासावाटे वारंवार आत गेल्याने काही व्यक्तींच्या वायुकोशांत अधिहर्षताजन्य (ॲलर्जीमुळे होणारा) दाह होतो, त्यास पक्षिपालक फुप्फुसविकार म्हणतात. हा हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचा एक प्रकार होय. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत (आयसीडी-१०) त्याचा संकेतांक जे६७.२ असा आहे. खोकला, धाप, थकवा, वजन घटणे ही लक्षणे सर्वपरिचित असून दीर्घकालीन रूपात फुप्फुसाचे तंतुभवन (फायब्रोसिस) होते.

रोगाच्या प्रथम वर्णनाचे श्रेय कोणाला द्यावे याविषयी एकवाक्यता नाही. फ्रान्समध्ये पिसे निवडणाऱ्या कामगारांतील ‘बदक-ज्वरा’चे प्लेसनेर यांनी केलेले वर्णन १९६० चे आहे. अमेरिकेत रीड, सॉसमन व बार्बी यांनी १९६५ मध्ये कबुतरे पाळणाऱ्यांतील फुप्फुसविकाराचा वृत्तांत दिला. ब्रिटनमध्ये हारग्रीव्ह, पेपिस व त्यांचे सहकारी यांनी १९६६ मध्ये बजरीगर (एक छोटा पोपट) व कबुतरे पाळणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बदक-ज्वर हाच हा विकार होता असे मानल्यास अग्रमान फ्रान्सकडे जातो. तथापि विशिष्ट पक्षी, रक्तातील प्रतिपिंडे (अँटिबॉडी) व फुप्फुसातील बदल यांची सांगड १९६५-६६ च्या लेखनात अधिक स्पष्ट दिसते, म्हणून रोगाची स्वतंत्र ओळख तेव्हापासून धरणे सयुक्तिक वाटते. पेपिस यांनी याआधी शेतकऱ्यांच्या फुप्फुसविकाराचे मूळ बुरशीट गवतातील उष्णताप्रिय ॲक्टिनोमायसीट सूक्ष्मजीवांत शोधले होते, त्यामुळे दोन्ही रोग पुढे एकाच शीर्षाखाली आले.

‘बर्ड फॅन्सिअर्स लंग’ या इंग्रजी नावातील ‘फॅन्सिअर’ म्हणजे हौसेने पक्षी बाळगणारा, आपल्याकडचा कबुतरबाज. त्या काळचे रुग्ण बहुतांशी तसेच होते. पुढे नाव टिकले आणि अर्थ मात्र अपुरा पडू लागला. पिसांच्या उशा व दुलया वापरणारा, किंवा शेजारच्या गॅलरीतील पारव्यांचा त्रास होणारा रुग्ण कोणत्याच अर्थाने पक्षिपालक नसतो. तरीही पक्षिजन्य प्रतिजन (दाह घडवणारी प्रथिने) हे कारण ठरल्यास त्याचा संकेतांक जे६७.२ हाच समजावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मॉरेल व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्पेनमधील अभ्यासात, अज्ञात कारणाचे तंतुभवन असे आधी निदान झालेल्या ४६ रुग्णांपैकी २० जणांना प्रत्यक्षात दीर्घकालीन हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस असल्याचे आढळले. त्यांतील पुष्कळांच्या बाबतीत कारण अंथरुणातील पिसे हे होते.

वर्गीकरणातील या रोगाची जागाही बदलली आहे. नवव्या आवृत्तीत ४९५ हे शीर्ष दीर्घकालीन अवरोधी फुप्फुसविकार व तत्सम विकारांच्या गटात, म्हणजे ४९०-४९६ मध्ये होते. त्यात ४९५.० शेतकऱ्यांचा, ४९५.१ उसाच्या चिपाडाच्या धुळीचा आणि ४९५.२ पक्षिपालकांचा विकार होता. दहाव्या आवृत्तीने हे सारे बाह्य कारकांमुळे होणाऱ्या फुप्फुसविकारांत, जे६०-जे७० मध्ये हलवले. उपविभागांचा क्रम बहुतांशी तसाच राहिला. अमेरिकेतील रुग्णालयांनी हा बदल १ ऑक्टोबर २०१५ पासून स्वीकारला. त्यामुळे गटनिहाय जुनी आकडेवारी नव्या आकडेवारीशी थेट ताडून पाहता येत नाही. अकराव्या आवृत्तीत सेंद्रिय धुळीमुळे होणारा हा दाह सीए७० या शीर्षाखाली आहे. ती आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली.

जे६७.२ लागण्यासाठी रोग आणि पक्षी यांचा संबंध वैद्याने स्वतः लिहिलेला असावा लागतो. ‘घरी कबुतरे आहेत’ आणि ‘कबुतरांमुळे झालेला न्यूमोनायटिस’ या दोन वाक्यांत संकेतांककाराच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. पहिल्या वाक्यावरून दुसरे अनुमान काढण्याचा अधिकार त्याला नाही. नुसते ‘आयएलडी’ (इंटरस्टिशियल लंग डिसीज, म्हणजे फुप्फुसाच्या आंतरऊतींच्या विकारांचा व्यापक गट) लिहिल्यास जे८४.९ पडतो, कारण न लिहिता ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’ एवढेच लिहिल्यास जे६७.९. ‘एचपी’ हे लघुरूप तर टाळलेलेच बरे, कारण पोटाच्या विकारांच्या विभागात त्याचा अर्थ हेलिकोबॅक्टर पायलोरी असा होतो. पक्ष्यांपासून होणारा सिटॅकोसिस हा जंतुसंसर्ग असून त्याचा संकेतांक ए७० आहे, येथे त्याचा संबंध नाही.

नोंदीत पक्ष्याचा प्रकार, संपर्काचे ठिकाण व कालावधी, बाहेरगावी गेल्यावर लक्षणे कमी होतात का, सीटी स्कॅनमधील बदल व श्वासनलिका-धावनातील (फुप्फुसात द्रव सोडून परत काढलेल्या नमुन्यातील) लसिकापेशींचे (लिम्फोसाइट) प्रमाण हे यावे. ‘घरात पक्षी नाहीत’ हे उत्तर पुरेसे नसते. खिडकीतल्या एसीच्या खोक्यावर घरटे असलेला रुग्णही तेच सांगतो. रक्तातील प्रतिपिंडे सापडणे हा संपर्काचा पुरावा आहे, रोगाचा नव्हे. कबुतरे पाळणाऱ्या अनेक निरोगी व्यक्तींतही ती आढळतात.

खरी अडचण निश्चिततेची आहे. अमेरिका, जपान व लॅटिन अमेरिकेतील श्वसनरोग संस्थांनी २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शिकेत निदानाच्या खात्रीच्या पायऱ्या आहेत : ९० टक्के वा अधिक म्हणजे निश्चित, ८०-८९ उच्च, ७०-७९ मध्यम, ५१-६९ कमी. संकेतांकाला मात्र हो किंवा नाही एवढेच कळते. अमेरिकेच्या नियमांनुसार बाह्यरुग्ण विभागात ‘संभाव्य’ निदानाला संकेतांक देता येत नाही, लक्षणांचाच द्यावा लागतो. आंतररुग्णाच्या बाबतीत मात्र घरी सोडतेवेळी संशय कायम असल्यास तो रोग असल्याप्रमाणे नोंदवता येतो. एकच रुग्ण असा दोन ठिकाणी दोन प्रकारे मोजला जातो. याच मार्गदर्शिकेने तंतुमय व अतंतुमय असे दोन प्रकार केले. जे६७ मध्ये हा भेद नाही. अमेरिकी आवृत्तीत वाढत्या तंतुभवनासाठी जे८४.१७० हा जोडसंकेतांक आहे, पण मूळ रोग त्याच्या आधी लिहावा लागतो.

मृत्युप्रमाणपत्रावर कारणांचा क्रम अपुरा राहिल्यास रोग अदृश्यच होतो. पहिल्या ओळीत श्वसनक्रिया बंद पडणे, दुसऱ्या ओळीत फुप्फुसाचे तंतुभवन लिहून कोणी थांबले, तर मूलभूत कारण जे८४.१ ठरते. तिसऱ्या ओळीतील कबुतर राहूनच जाते.

भारतातील नोंदींविषयी प्रकाशित सामग्री थोडी आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आयएलडी नोंदपटात १,०८४ रुग्णांपैकी ४७.३ टक्के रुग्णांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होता. मात्र त्यांत कूलरशी संबंध आलेले पुष्कळ होते, म्हणून हा आकडा पक्ष्यांच्या खात्यावर मांडणे चुकीचे ठरेल. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सेंद्रिय धुळीमुळे होणारा हा दाह व्यवसायजन्य रोग म्हणून समाविष्ट होता. तेथे दाव्यासाठी कामाच्या ठिकाणचा संपर्क लिखित असणे महत्त्वाचे ठरत असे.

मुंबईत जुलै २०२५ मध्ये कबुतरखाने बंद करण्याची कारवाई सुरू झाल्यावर प्रकरण उच्च न्यायालयात गेले व तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवण्यात आले. कबुतरांमुळे किती जण आजारी पडतात, हा तेथील कळीचा प्रश्न होता. केसपेपरवर ‘आयएलडी’ एवढेच लिहिलेले रुग्ण त्या मोजणीत कोणत्याच बाजूने धरता येत नाहीत.