बोहेमियन पेहराव: पॅरिसच्या वेशीपासून हणजूणच्या बाजारापर्यंत

ऑगस्ट 1427 मध्ये पॅरिसच्या उत्तर वेशीबाहेर, ला शापेल गावात, शंभरेक परकी माणसं येऊन उतरली. एका पॅरिसकराने रोजनिशीत त्यांचं वर्णन लिहून ठेवलं आहे: टोचलेल्या कानांत चांदीच्या बाळ्या आणि बायकांच्या अंगावर खांद्याशी दोरीने बांधलेलं जाडंभरडं जुनं पांघरूण. ही रोमा मंडळी. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी उत्तर भारतातून निघालेले, भाषा मराठी-हिंदीच्याच कुळातली. पण फ्रान्समध्ये समज झाला की ते बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागातून, आले आहेत. तेच नाव त्यांना चिकटलं. 1682 मध्ये चौदाव्या लुईने फर्मान काढून या ‘बोहेमियन’ पुरुषांना जन्मभर गॅली जहाजांवर वल्ही मारायला धाडायचं ठरवलं. आज दुकानात ‘बोहो’ (‘बोहेमियन’चं लघुरूप) म्हणून मिरवणारं नाव मुळात असं छळाचं आहे, हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत सरदार-दरकदारांचा आश्रय गेला आणि चित्रकार-कवी उघड्यावर पडले. पॅरिसच्या लॅटिन क्वार्टर या भागातल्या स्वस्त खोल्यांत ते राहू लागले. कमाईचा भरवसा नाही, कपडे जुन्या बाजारातले. लोक त्यांनाही बोहेमियन म्हणू लागले. म्हणजे या फॅशनची सुरुवात आवडीइतकीच गरिबीतून झाली. हौसही होतीच म्हणा: 25 फेब्रुवारी 1830 ला व्हिक्टर ह्यूगोच्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला 18 वर्षांचा कवी तेओफील गोतिए भडक तांबडं जाकीट घालून गेला. काळ्या कोटांच्या गर्दीत ते जाकीट इतकं डोळ्यांत भरलं, की जन्मभर त्याची ओळख होऊन बसलं.

बायकांसाठी खरा बदल इंग्लंडमध्ये झाला. 1848 मध्ये एकत्र आलेल्या प्री-राफेलाइट चित्रकारांच्या वर्तुळातल्या जेन मॉरिससारख्या स्त्रियांनी कंबर आवळणारा कॉर्सेट आणि फुगीर घेराचा सांगाडा टाकून सैल, पायघोळ झगे घातले. मोकळा श्वास घेता येईल असे कपडे! या सगळ्या इतिहासात मला हेच पाऊल सगळ्यात मोलाचं वाटतं. 1875 मध्ये लंडनला निघालेल्या लिबर्टी दुकानाने अशा झग्यांसाठी भारत-जपानकडचं मऊ रेशीम पुरवलं.

1960 च्या दशकात हिप्पी इस्तंबूल, तेहरान, काबूल करत खुश्कीच्या मार्गाने भारतात आले. कफ्तान, छापील सुती कापड, आरशांचं भरतकाम त्यांच्याबरोबर पश्चिमेकडे गेलं. गोव्यात परतीच्या किंवा पुढच्या मुक्कामाच्या पैशांसाठी ते आपलं सामान विकत; त्यातूनच 1970 च्या दशकात हणजूणचा बुधवारचा बाजार उभा राहिला. पुढे तिथे कर्नाटकातल्या लमाणी बायका आपलं भरतकाम आणि दागिने घेऊन बसू लागल्या.

नंतरचं थोडक्यात सांगता येतं. 2004-05 च्या सुमारास अभिनेत्री सिएना मिलर आणि मॉडेल केट मॉस यांच्यामुळे ‘बोहो-चिक’ची लाट आली, आणि 2024 मध्ये पॅरिसच्या क्लोए या फॅशन घराने झालरीचे पातळ झगे पुन्हा आणले. कवड्या, आरसे, नाणी लावलेल्या, कर्नाटकातल्या सांडूरच्या लमाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तरी लमाणी कामाच्या पिशव्या आणि जाकिटं अनेक दुकानांत नुसती ‘बोहो’ म्हणून विकली जातात, टाका कुणाचा याचा उल्लेखही नसतो.