नाशिकला धर्मेतिहासाची आंतरराष्ट्रीय परिषद भरवायची तर : पात्रता, परवानग्या, कागदपत्रं

मागच्या महिन्यात शेजारच्या महाविद्यालयातल्या एका तरुण प्राध्यापिकेनं विचारलं, "सर, धर्मेतिहासाची आंतरराष्ट्रीय परिषद आपल्याकडे भरवायची तर अर्ज कुठे करायचा?" अर्ज एक नाही, अनेक आहेत. त्यांचा क्रम चुकला की माहितीपत्रक छापून तयार असतं आणि पाहुण्यांना व्हिसा मिळालेला नसतो.

ठरावीक वर्षांनी भरणाऱ्या परिषदेचं यजमानपद मागून घ्यावं लागतं. या विषयातली सर्वांत जुनी जागतिक परिषद १९०० मध्ये पॅरिसला भरली. आता ती साधारण दर पाच वर्षांनी होते. २०२० ची कोविडमुळे रद्द झाली, २०२५ ची पोलंडमधल्या क्राकूफला झाली. अशा परिषदेमागे कायमची कार्यकारिणी असते आणि यजमान दर वेळी बदलतो. तिच्याकडे पाठवायच्या प्रस्तावात तारखा, सभागृहं, निवासाची सोय, अंदाजपत्रक आणि संस्थाप्रमुखांचं संमतिपत्र हवं. त्यासाठी आधी महाविद्यालय विकास समितीचा ठराव करून घ्या. निबंध निवडणारी समिती आणि जेवणाखाण्याची, पैशांची व्यवस्था पाहणारी समिती वेगळी ठेवा, असं माझं ठाम मत आहे.

तारखा ठरवताना नाशिककरांना एक पथ्य पाळावंच लागेल. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. विषयाशी जुळतं म्हणून तेच दिवस धरण्याचा मोह होईल, पण तेव्हा खोल्या मिळणार नाहीत आणि पोलीस यंत्रणेलाही तुमच्याकडे बघायला सवड नसेल.

आता परवानग्या. परदेशी अभ्यासक निबंध वाचायला येणार असतील तर त्यांना पर्यटक व्हिसा चालत नाही, कॉन्फरन्स व्हिसा लागतो. त्यासाठी संबंधित केंद्रीय मंत्रालयाची प्रशासकीय मान्यता, राज्य शासनाची मंजुरी आणि परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी असे कागद यजमानानं जमवायचे असतात. पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराक, सुदान या देशांचे नागरिक, पाकिस्तानी वंशाचे परदेशी नागरिक किंवा कोणत्याच देशाचं नागरिकत्व नसलेले लोक येणार असतील तर गृह मंत्रालयाची सुरक्षाविषयक मंजुरीही लागते. या कामाला मी किमान वर्ष धरतो.

प्रस्तावाच्या भाषेकडे फार लक्ष द्या. आपला विषय धर्म आहे, त्यामुळे वाचणाऱ्या अधिकाऱ्याला पहिल्याच परिच्छेदात कळलं पाहिजे की इथे प्रवचन किंवा प्रचार होणार नाही, इतिहासाचं संशोधन मांडलं जाणार आहे. धर्मप्रसारासाठी येणाऱ्यांचा व्हिसा वेगळा असतो. "जागतिक धर्मसंमेलन" असं भारदस्त नाव देऊ नका. "पश्चिम भारतातील लेणी आणि दानलेख" असं नेमकं शीर्षक द्या. पांडवलेण्यांतले क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात आणि सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री यांचे लेख आपल्या दाराशी असताना दुसरं आकर्षण शोधायची गरजच नाही.

निमंत्रणपत्र प्रत्येकाला स्वतंत्र द्या. त्यात पासपोर्टवर आहे तसंच नाव, पासपोर्ट क्रमांक, परिषदेच्या तारखा, स्थळ आणि खर्च कोण करणार हे लिहा. आमच्या एका परिषदेला नावातल्या एका अक्षराच्या फरकामुळे एका ज्येष्ठ अभ्यासिकेचा व्हिसा रखडला. तिचा निबंध दुसऱ्यानं वाचून दाखवला. तिला विचारायचे प्रश्न सगळ्यांच्या मनातच राहिले, याचं मला अजून वाईट वाटतं. अनेक देशांच्या नागरिकांना ई-कॉन्फरन्स व्हिसा मिळतो. तो एकाच प्रवेशाचा आणि ३० दिवसांचा असतो. पाहुणे महाविद्यालयाच्या अतिथिगृहात उतरले तर २४ तासांच्या आत त्यांची ऑनलाइन नोंद करण्याची जबाबदारी तुमची. हॉटेलात उतरले तर ते हॉटेल करतं.

निबंध पाठवणाऱ्यांसाठी अट साधी ठेवा : साधारण ३०० शब्दांचा सारांश, मूळ साधनं कोणती वापरली याचा उल्लेख आणि विद्यार्थी असल्यास मार्गदर्शकांचं पत्र. सारांश परीक्षकांकडे नाव झाकून पाठवा. पदवी नसलेल्या स्थानिक अभ्यासकांना बाहेर ठेवू नका. त्र्यंबकच्या तीर्थपुरोहितांच्या वंशावळींच्या वह्या वर्षानुवर्षं पाहिलेला माणूस पुष्कळ काही सांगू शकतो.

पैशांसाठी भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेकडे किंवा भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे अर्ज करता येतो. तो संस्थाप्रमुखांमार्फत जातो, सोबत अंदाजपत्रक आणि वक्त्यांची यादी लागते. परदेशी संस्थेची देणगी मात्र एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय घेऊ नका, मग ती चहापानाच्या खर्चापुरती का असेना.

क्षेत्रभेटीला पांडवलेणी, शरणपूरची जुनी ख्रिस्ती वसाहत, म्हसरूळचं गजपंथ हे जैन तीर्थ घ्या. त्र्यंबकेश्वराच्या मंदिरात हिंदूंखेरीज इतरांना प्रवेश नाही. हे पाहुण्यांना कार्यक्रमपत्रिकेतच कळवा, दारात उभं करून नको.

परिषद संपल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान ठरलेल्या कामालाच वापरल्याचा दाखला), लेखापरीक्षित हिशेब आणि अहवाल अनुदान देणाऱ्याकडे मुदतीत पाठवा. याच सगळ्यांची एक प्रत, परीक्षकांची यादी आणि प्रत्येक मंजुरीला किती दिवस लागले याची नोंद एका फाइलमध्ये घालून पुढच्या यजमानाच्या हातात द्या.