पाण्याचा कायदा हवाय? मग कागद कुठून कुठं जातो ते बघा

सोलापुरात पूनम गेटसमोर पाण्याचं आंदोलन असलं की निवेदनात एक ओळ ठरलेली असते: ‘शासनाने तातडीने कायदा करावा.’ निवेदन कलेक्टर ऑफिसात जातं, पोचेवर आवक क्रमांकाचा शिक्का बसतो, आपण चहा पिऊन घरी. कायदा करणं कलेक्टरांच्या हातात नाही. आणि गंमत म्हणजे आपण जे मागतो त्याला बऱ्याचदा कायदा लागतच नाही.

उपसा सिंचन योजना, कालव्याचं अस्तरीकरण, उजनी-सोलापूर समांतर जलवाहिनी, अशा कामांसाठी विधानसभेत वेगळा कायदा होत नाही. प्रस्ताव, प्रशासकीय मान्यता, शासन निर्णय आणि अंदाजपत्रकात तरतूद असा त्यांचा रस्ता. जे सहीनं निघतं ते सहीनंच मागं घेता येतं. २०२१ आठवा. उजनी धरणातलं ५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरला देण्याचा आदेश निघाला, सोलापूर जिल्हा पेटला आणि मे महिन्यात आदेश रद्द झाला. आपल्याला बरं वाटलं, पण आपल्या बाजूनं निघालेला आदेशही तेवढाच हलका असतो हे विसरू नका.

कायदा लागतो तो पाण्यावरचा हक्क, पाणीपट्टीचा अधिकार, दंड, नवं महामंडळ किंवा प्राधिकरण अशा गोष्टींसाठी. १९७६ चा महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, कृष्णा खोरे विकास महामंडळाचा १९९६ चा, जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५ चा आणि पाणी वापर संस्थांचा २००५ चा, हे आपल्या कामाचे चार.

विधेयकाची पात्रता

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीतली १७ वी नोंद पाणीपुरवठा, सिंचन, कालवे, साठवण हे विषय राज्याला देते. पण आंतरराज्य नद्यांबद्दलची केंद्राची ५६ वी नोंद तिच्या वर आहे. उजनी ज्या नदीवर आहे ती भीमा पुढं कर्नाटकात जाऊन कृष्णेला मिळते. त्यामुळं कृष्णेचं पाणी राज्यांत वाटणाऱ्या बच्छावत लवादानं महाराष्ट्राला दिलेले ५६० टीएमसी आपल्या विधिमंडळात हात वर करून वाढत नाहीत.

विधेयक मंत्री मांडू शकतात, तसंच कोणताही आमदारही. आपल्या जिल्ह्यात ११ आहेत. आमदारांचं ते अशासकीय विधेयक. ते मंजूर होणं म्हणजे उंबराचं फूल. शिवाय त्यात सरकारी तिजोरीतून खर्च होणार असेल तर राज्यपालांची शिफारस असल्याशिवाय सभागृहाला ते मंजूर करता येत नाही.

सोबत जोडायची कागदपत्रं

आपल्या अर्जाला सातबारा लागतो, तसं विधेयकालाही लागतं. शेवटी ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असतं. वर्तमानपत्रात छापून येतं ते बहुतेक यातलंच. खर्च असेल तर ‘वित्तीय ज्ञापन’. तिसरा कागद कुणी वाचत नाही आणि तोच मी आधी काढतो: ‘वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचे ज्ञापन’. कोणत्या गोष्टी पुढं सरकार नियम करून ठरवणार, ते खंडाच्या (म्हणजे विधेयकातल्या कलमाच्या) नंबरासह इथं लिहिलेलं असतं. दर, मुदत, अर्जाचा नमुना, जे म्हणून आपल्या बांधापर्यंत येतं ते अनेकदा या पानावर सापडतं.

दुरुस्ती विधेयक तर मूळ कायदा शेजारी ठेवूनच वाचावं. ‘अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द दाखल करण्यात यावेत’ एवढंच दिसतं. २००५ च्या प्राधिकरण कायद्यात २०११ साली अशीच दुरुस्ती झाली, आणि शेती, पिणं, उद्योग यांच्यात पाणी वाटण्याचा अधिकार मंत्रिमंडळाकडं गेला.

पुढचा प्रवास

विभाग प्रस्ताव करतो, विधी व न्याय विभाग मसुदा तपासतो, मंत्रिमंडळ मान्यता देतं. मग एका सभागृहात मांडणी, चर्चा, खंडवार मतदान, मंजुरी. दुसऱ्या सभागृहात पुन्हा तेच. धन विधेयक (फक्त कर, सरकारी पैसा यांबद्दलचं) मात्र विधानसभेतच सुरू होतं आणि विधान परिषदेला त्यासाठी १४ दिवसच मिळतात. नंतर राज्यपाल: संमती देतील, फेरविचारासाठी परत पाठवतील, किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतील. अधिवेशन नसताना घाई असेल तर अध्यादेश निघतो. अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत कायदा झाला नाही तर तो संपतो.

संमतीनंतर अधिनियम राजपत्रात येतो. पेढे वाटायच्या आधी पहिलं कलम वाचा. तिथं बहुधा असं असतं: ‘राज्य शासन, राजपत्रातील अधिसूचनेद्वारे, नियत करील अशा दिनांकास तो अंमलात येईल.’ म्हणजे अजून एक कागद बाकी. त्यानंतर नियम. पाणी वापर संस्थांच्या कायद्याला ते वर्षभरात, २००६ मध्ये मिळाले. १९७६ च्या पाटबंधारे अधिनियमाखालचे नियम मात्र कित्येक दशकं झालेच नाहीत; १९३४ चे मुंबई कालवे नियमच चालवून घेतले गेले.

आपण कुठं शिरायचं?

दोन जागा आहेत. विधेयक संयुक्त समितीकडं गेलं तर समिती सूचना मागवू शकते. आणि नियमांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध होतो तेव्हा. हरकत घ्यायला वकील लागत नाही. नाव, पत्ता, मसुद्याचा दिनांक, नियमाचा क्रमांक, आत्ताचे शब्द, त्याऐवजी कोणते हवेत आणि का, एवढं एका पानात बसवा. जमीन लाभक्षेत्रात असेल तर गट नंबर आणि चारीचं नाव टाका, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की टेलच्या, कालव्याच्या शेवटच्या टोकावरच्या शेतकऱ्याचं हे म्हणणं आहे. मुदतीच्या आत द्या आणि पोच जपून ठेवा.

उजनी मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात गेल्यावर आपल्याला कायदा आठवतो. मसुदे मात्र धरण प्लसमध्ये असतानाही निघतात.